मृगाची पेरणी आणि कॉलेजचा फॉर्म

मृग लागला की आमच्या बीड जिल्ह्यात दोन घाया एकदमच सुरू होतात. एक पेरणीची आणि दुसरी निकालाची. पाऊस पडून वाफसा आला असता तिफण धरावी, की मुलाला घेऊन कॉलेजच्या गावी जावे, असा पेच ज्याच्या घरी कधी पडला नाही असा शिकत्या मुलाचा बाप या भागात विरळाच. छत्तीस वर्षे मी या जिल्ह्यात मास्तरकी केली. आणि त्यांतल्या दर जूनमध्ये माझ्या ओट्यावर कोणी ना कोणी पटका सावरीत येऊन बसलेला असे. "गुर्जी, लेकरू पास झालंय. आता पुढं काय करावं म्हणता?" बियाण्यासाठी काढलेले पैसे त्याच्या बंडीच्या खिशात असत. त्यांतले किती कॉलेजला लागतील आणि किती रानात घालता येतील, एवढेच त्याला खरोखर विचारायचे असे.

पुण्यामुंबईच्या वाचकांना या प्रश्नाची धार कदाचित जाणवणार नाही. मुंबईचे विद्यापीठ १८५७ सालचे. पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज १८८५ चे. आमच्या मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ साली. म्हणजे मुंबईनंतर बरोबर एकशे एक वर्षांनी. या शंभर वर्षांत बीडच्या मुलाने मॅट्रिकनंतर जायचे कुठे, आणि त्याला ती वाट दाखवायची कोणी, याचा इतिहास कुठल्या ग्रंथात सलग लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. तो थोडा सरकारी हुकुमांत आहे, थोडा चळवळींच्या आठवणींत आहे आणि बराचसा म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात आहे.

निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणाला दोन दारे होती आणि दोन्ही हैदराबादेत होती. एक निजाम कॉलेजचे. ते १८८७ साली निघाले. ते जोडलेले होते थेट मद्रास विद्यापीठाला, आणि शिक्षण अर्थातच इंग्रजीतून. दुसरे दार उस्मानिया विद्यापीठाचे. मीर उस्मान अली खान यांनी १९१७ साली फर्मान काढले, पुढल्या वर्षी विद्यापीठाची स्थापना झाली आणि तेथे सारे विषय उर्दूतून शिकवावयाचे ठरले. त्यासाठी भाषांतराचे एक स्वतंत्र खाते उघडण्यात आले. रसायन, गणित, कायदा, इतिहास, सगळे ग्रंथ उर्दूत आणण्याचा तो उद्योग होता. न्यायाने बोलायचे तर ही गोष्ट लहान नव्हती. हिंदुस्थानातील इतर विद्यापीठे इंग्रजीची री ओढीत होती, त्या काळात देशी भाषेतून पदवीपर्यंतचे शिक्षण देण्याचे धाडस या एका संस्थानाने केले. आपल्या भाषेतून शिकावे हे तत्त्व बरोबरच होते. अडचण एवढीच की ती भाषा राज्यातल्या बहुसंख्य प्रजेची नव्हती. तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांना उर्दूही शिकूनच घ्यावी लागे, आणि इंग्रजी तर होतीच. अंबाजोगाई म्हणजे मुकुंदराजाचे गाव, दासोपंतांची पासोडी जपणारे गाव. मराठी ग्रंथरचनेच्या आरंभाशी ज्याचे नाव सांगितले जाते, त्या गावच्या मुलाने भूमितीचे प्रमेय उर्दूतून पाठ करावे, हा त्या काळचा क्रम होता. कागदोपत्री त्या गावाचे नावही तेव्हा मोमिनाबाद असे होते.

१९२३ साली औरंगाबादला उस्मानियाचे इंटरमिजिएट कॉलेज निघाले. पुढे उर्दू भाषेचे पितामह म्हणून ज्यांचा लौकिक झाला, ते मौलवी अब्दुल हक तेथे प्राचार्य होते. मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांना हा मोठाच आधार झाला. पण तो दोन वर्षांचा. इंटर झाले की पुन्हा हैदराबादची वाट धरावी लागे.

नकाशा समोर ठेवला म्हणजे जिल्ह्याची मुले कशी पांगली ते कळते. आष्टीपाटोद्याचा मुलूख नगरला लागून. तिकडचा मुलगा नगरवरून पुण्याकडे पाही. गेवराईचा गोदावरी ओलांडून औरंगाबादेस जाई. परळीला आगगाडी आली आणि अंबाजोगाई-परळीकडच्या मुलांना हैदराबाद जवळचे झाले. बीड शहर मधोमध बसलेले. त्याला रेल्वे नव्हतीच. एकाच जिल्ह्यातली तीन मुले तीन राज्यकारभारांच्या भाषा शिकून परत येत, असे म्हटले तरी चालेल.

पुण्याला जाणे म्हणजे परमुलखात जाणे होते, हे आज कोणाला खरे वाटत नाही. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके होते. नाणे वेगळे होते. निजामाचा रुपया तो हाली आणि इंग्रजी रुपया तो कलदार. साधारण सात हाली दिले तर सहा कलदार मिळत. म्हणजे पुण्याला महिन्याचा खर्च तीस रुपये असेल तर घरून पस्तीस निघाले पाहिजेत. बापाने ज्वारी विकायची हालीत आणि मुलाने खाणावळीचे बिल द्यायचे कलदारात. वर्षदेखील वेगळे होते. संस्थानात फसली सन चाले. इंग्रजी १९३८ च्या ऑक्टोबरात तेथे १३४८ फसली उजाडले. दाखल्यावरची जन्मतारीख फसलीत असली की पुण्याच्या कॉलेजातला कारकून चष्म्यावरून पाहणारच. आमच्या बाजूला जुन्या माणसांचा जन्म सर्रास १ जूनचा आढळतो, त्याचे कारण मात्र फसली नव्हे. ते हेडमास्तरांचे औदार्य. आई सांगणार, "पोळ्याच्या अगोदर झालं बघा, दुष्काळाच्या सालात". आणि मास्तर शाळेच्या सोयीने १ जून लिहिणार. माझीही जन्मतारीख तीच आहे.

मग वाट दाखवी कोण? बहुधा गावातला वकील. तो हैदराबाद पाहून आलेला असे. नाही तर शाळेचा हेडमास्तर. हैदराबादेत केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने १९०७ च्या सुमारास विवेकवर्धिनी शाळा उभी केली होती. मराठवाड्यातून गेलेल्या मुलाला त्या शहरात मराठी माणसांचा ठावठिकाणा तेथे लागे. पुण्यात १९०९ पासून अनाथ विद्यार्थी गृह होते, वार लावून जेवण्याची आणि माधुकरीची रीत होती. पण सर्वांत खात्रीचा वाटाड्या म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेला गावचाच मोठा मुलगा. फराळाचे ताट पुढे असताना त्याला शेजारपाजारचे सारे बाप विचारून घेत. राहायचे कुठे, फी किती, चादर-गादी न्यावी लागते काय, मास्तर मारतात काय. त्याच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींवर पुढल्या जूनमध्ये दोन-तीन मुले निघत. आमच्या भागात उच्च शिक्षण पसरले ते अशा दिवाळ्यांतून.

अशाच एका दिवाळीनंतरची गोष्ट सांगावयास हवी. माझ्या मास्तरांनी ती आम्हांला वर्गात सांगितली होती आणि सांगताना ते खिडकीकडे पाहत होते, एवढे मला आठवते.

१९३८ सालचा नोव्हेंबर महिना. दिवाळी नुकतीच झाली होती. हैदराबाद संस्थानात स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह २४ ऑक्टोबरला सुरू झाला होता आणि स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. हे स्वामी म्हणजे आमचेच. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत त्यांनी मास्तरकी केली, आणि १९३५ पासून अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात मुले घडविली. शिक्षकाचा सत्याग्रही झाला होता. इकडे औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात हिंदू मुले प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणत. ते बंद करावे असा हुकूम झाला. मुलांनी ऐकले नाही. लोण थोड्याच दिवसांत हैदराबादला उस्मानियाच्या वसतिगृहांत पोचले. मुलांना वसतिगृहाबाहेर काढले, मग माफीपत्रे मागितली, आणि ती न मिळाल्यावर पटावरून नावे कमी केली. शेकडो मुले ऐन सत्रात रस्त्यावर आली.

इतिहासात हे 'वंदे मातरम् आंदोलन' म्हणून नोंदले गेले आणि ते योग्यच झाले. पण मास्तर या नात्याने माझे मन नेहमी त्या घरांकडे जाते. पोराच्या फीसाठी ज्याने सावकाराकडे रान गहाण टाकले होते, त्याला ही बातमी कशी कळली असेल? मुलगा कॉलेजातून काढला गेला, संस्थानातली दुसरी कॉलेजेही त्याला बंद, आणि हे सगळे एका गाण्यापायी. माफी लिहून दे, असे सांगणारे बाप असतील. तसे सांगावयाचे मनात येऊन न सांगितलेलेही असतील. त्या मुलांपैकी पुष्कळांचे वय अठरा-एकोणीस होते.

त्यांना दार उघडले नागपूरने. नागपूर विद्यापीठ १९२३ चे. त्याचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी वर्ष अर्धे उलटून गेलेले असताना या मुलांना आपल्या कॉलेजांतून प्रवेश देवविला. प्रवेशाच्या तारखा, स्थलांतराचे दाखले, मागच्या कॉलेजचे वर्तणुकीचे प्रमाणपत्र, यांचा अडसर एखाद्याने घालावयाचा म्हटले असते तर कोणी दोष देऊ शकले नसते. वर्तणुकीचे प्रमाणपत्र त्या मुलांना कोण देणार होते! छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी अनेक नियम पाळणारे लोक पाहिले. तारीख उलटल्यावरही दार उघडणारा हा असा एकच मला वाचायला मिळाला. औरंगाबादहून मनमाड, मनमाडहून भुसावळ आणि तेथून नागपूर असा गाडीचा प्रवास करून मुले गेली. तेथे मराठी बोलणारे शहर होते, पण कॉलेजातली भाषा इंग्रजी. जे उर्दूतून शिकले होते त्यांनी तेच विषय पुन्हा इंग्रजीतून घोटले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे याच आंदोलनात काढल्या गेलेल्यांपैकी एक. त्यांचे पुढचे शिक्षण नागपूरला आणि पुण्याला झाले. औरंगाबादच्या मुलांमागे उभे राहणारे तरुण गोविंदभाई श्रॉफ पुढे मराठवाड्याच्या मुक्तिलढ्याचे आणि शिक्षणाचेही नेते झाले.

१३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ तारखेला संस्थान शरण आले. उस्मानियात उर्दू जाऊन इंग्रजी आली. राज्यकर्ते बदलले की मुलाच्या दप्तरातली भाषा बदलते, हे आमच्या भागाने एकाच पिढीत पाहिले. नगरला १९४७ साली डॉ. भा. पां. हिवाळे यांनी कॉलेज काढले होते, सोलापूरला १९४० पासून दयानंद कॉलेज होते. म्हणजे जिल्ह्याच्या भोवती उजेड दिसू लागला होता. मराठवाड्याच्या आत मात्र खरी सुरुवात झाली ती १९५० साली. त्या एका वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, त्यामागे स्वामी रामानंद तीर्थ होते. आणि औरंगाबादेस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज निघाले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. त्याची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. म. भि. चिटणीस हे त्याचे प्राचार्य.

मिलिंदने काय केले हे कोनशिलेवरून कळत नाही. आजवर ज्याच्या बापाने येसकरकी करताना गावचे टपाल या गावाहून त्या गावाला वाहिले, पण ज्याला त्यातले एक अक्षरही वाचता आले नाही, त्याचा मुलगा नागसेनवनात जाऊन बी. ए. होऊ लागला. राहावयाला वसतिगृह होते. १९४४ पासून सुरू झालेली मॅट्रिकोत्तर सरकारी शिष्यवृत्ती होती. आणि मुख्य म्हणजे तेथे जाऊन 'आपण इथे कसे' असे वाटत नसे. फॉर्म भरता येणे आणि दारातून आत पाऊल टाकता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी कोणीतरी अगोदर आत गेलेले असावे लागते.

१९५३ च्या २८ सप्टेंबरला झालेल्या नागपूर करारात मराठवाडा आणि विदर्भातील विद्यार्थ्यांना धंदेशिक्षणाच्या व शास्त्रीय शिक्षणाच्या संस्थांत पुरेसा प्रवेश मिळावा, असे कलम होते. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा घटनेच्या ३७१ व्या कलमातही तांत्रिक शिक्षणाच्या समान सोयींचा उल्लेख झाला. राज्ये कशी जोडावीत याच्या वाटाघाटींत कॉलेजप्रवेशाचा मुद्दा बसविलेला पाहून मला आमच्या ओट्यावरच्या बापांची आठवण होते. त्यांचा प्रश्न कोणीतरी वरपर्यंत नेला होता. २३ ऑगस्ट १९५८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले, पहिले कुलगुरू मुंबई विद्यापीठात मुरलेले एस. आर. डोंगरकेरी. अंबाजोगाईला योगेश्वरी शिक्षण संस्थेचे कॉलेज आलेच होते. १९६० साली खुद्द बीडमध्ये बलभीम कॉलेज निघाले. पुढल्या वर्षी मी मॅट्रिक झालो. बैलगाडीने जाऊन, भाकरी बांधून नेऊन, ज्याला कॉलेज गाठता येते असा मुलगा या जिल्ह्यात प्रथमच होत होता.

माझ्या वेळी फॉर्मपेक्षा दाखल्यांची दहशत जास्त. बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असेल तर ई. बी. सी. ची फीमाफी मिळे, पण ते उत्पन्न तलाठ्याने लिहावे, तहसीलदाराने सही करावी आणि ती सही मुदतीत व्हावी. तलाठी चावडीवर नसे, तहसीलदार दौऱ्यावर असत. मास्तर झाल्यावर मी हेच काम हौसेने अंगावर घेतले. एका वर्षी एका मुलीची शिष्यवृत्तीची कागदे घेऊन मीच एका कॉलेजच्या कचेरीत गेलो, तेव्हा मुदत आदल्या दिवशी संपलेली होती. नदीला पूर होता, बस आली नव्हती, हे मी सांगितले. कारकून म्हणाला, "सर, पुराचा दाखला आणा." त्याच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता, तो खरोखरच दाखला मागत होता. मुलगी त्या वर्षी घरी राहिली आणि माघात तिचे लग्न झाले. ती आता आजी आहे. भेटली की आवर्जून चहा करते. मी त्या कचेरीचे नाव कधी तिच्यासमोर काढत नाही आणि तीही काढत नाही.

पण कचेऱ्यांनाच बोल लावून भागणार नाही. आम्ही वाट दाखवणारे तरी किती शहाणे होतो? मी शिक्षक, म्हणून माझ्या सल्ल्याने हुशार मुले डी. एड.ला जात. मला तीच वाट ठाऊक होती. गणितात पैकीच्या पैकी मिळविणाऱ्या एका मुलाला मी म्हटले होते, "इंजिनिअरिंग म्हणजे खर्चाचं काम. मास्तर हो, वर्षा-दोन वर्षांत पगार सुरू होईल." तो मास्तर झाला, चांगलाच झाला. तरी त्याच्या शाळेत काही मोडले की तोच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेला दिसे, तेव्हा मी दुसरीकडे पाहत असे.

१९७७ साली बारावीची पहिली परीक्षा झाली आणि पी. यू. सी. गेली. अंबाजोगाईला १९७४-७५ मध्ये ग्रामीण भागासाठी म्हणून वैद्यकीय महाविद्यालय आले आणि त्याला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव मिळाले. ज्या गावच्या मुलाला डॉक्टर व्हायला हैदराबाद गाठावे लागे, त्या गावात बाहेरची मुले डॉक्टर व्हायला येऊ लागली. शेजारच्या लातूरने पुढे शिकवणीचा 'पॅटर्न' काढला आणि बीडची मुले खोल्या घेऊन तिकडे राहू लागली. वैद्यकीय प्रवेशात विभागवार सत्तर-तीसची वाटणी अनेक वर्षे होती. मराठवाड्यात महाविद्यालये थोडी, म्हणून येथल्या मुलांना ती जाचक वाटे. ती सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाली. तोवर देशभरच्या 'नीट' परीक्षेचे राज्य सुरू झालेच होते. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ झाली. माघात लग्न झालेल्या त्या मुलीची नात या वर्षी त्याच सवलतीवर शिकते आहे.

आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिदिनाच्याच दिवशी, बीड शहरातून नगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे, पहिली आगगाडी सुटली. कॉलेजे अगोदर आली, गाडी मागून आली.

आता फॉर्म मोबाईलवर भरतात. नॉन-क्रिमिलेअर, जातपडताळणी, फेऱ्या, पसंतीक्रम. शब्द बदलले, दाखले काही कमी झाले नाहीत. आमच्या जिल्ह्यातली लाखो माणसे दसऱ्यानंतर कोयते घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुलगी आजीपाशी राहते, आईबाप फडात असतात, आणि कागदावर पालकाची सही लागते. गेल्या दिवाळीत भाऊबीजेच्या संध्याकाळी असाच एक फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता.

"गुर्जी, बारावीच्या फॉर्मची शेवटची तारीख कोणती म्हणलं? पोरगी सांगती, पण माझ्या ध्येनात राहत नाही."

मी तारीख सांगितली आणि लिहून घ्या म्हटले. लिहायला त्याच्यापाशी काही नव्हते. त्याने ती दोनदा मोठ्याने म्हटली, मग शेजारी कोणाला तरी म्हणायला लावली, आणि फोन ठेवला.